मधली भिंत

मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या त्या जोडघराची मधली भिंत अर्धवट थांबवायला मी सांगितलं होतं. चौकशीत मात्र मी इनासभाऊंचं नाव घेतलं. हे आधी कबूल करतो; त्याशिवाय त्यांच्याबद्दल लिहिण्याचा मला हक्क नाही.

इनासभाऊ आमच्या कंपनीचे फोरमन, मूळचे वसईचे गवंडी. मी साइट इंजिनिअर, वयाने बराच लहान, तरी ते मला साहेब म्हणत. नवी भिंत उभी राहिली की प्लास्टरआधी तिला तळहात लावून ते गप्प उभे राहायचे, दुखणाइताची नाडी बघावी तसे. कधी मान हलवायचे आणि गवंड्याला म्हणायचे, "यल्ला, पाड. ही तुझ्या सासऱ्याकडे जाऊन बांध."

ही २०१३च्या आसपासची गोष्ट. घराचा मालक, आमचा अर्बाब, तरुणपणी इंग्लंडात शिकला होता. तिथे तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका जोडघरात भाड्याने राहायचा. आपल्या दोन मुलांसाठी त्याला तसंच घर हवं होतं: लाल विटांचा दर्शनी भाग, भिंतीबाहेर डोकावणाऱ्या मोठ्या खिडक्या, शेजारी शेजारी दोन दारं, आणि दोन्ही घरांवर मिळून एकच उतरतं छप्पर. आजूबाजूला सपाट गच्च्यांची पांढरी घरं, मागे उघडे काळे डोंगर. त्यात ते छप्पर चुकून आलेल्या पाहुण्यासारखं दिसायचं.

इनासभाऊंना ते पहिल्यापासून खुपत होतं. "जोडघर म्हणजे जुळी पोरं, साहेब. एकाला गोवर आला तर दुसऱ्याला वेगळं निजवता आलं पाहिजे. मधली भिंत आढ्याला भिडली पाहिजे." नकाशातही तसंच होतं.

पण ईद तोंडावर आली होती आणि अर्बाबला तोवर मुलांना राहायला आणायचं होतं. एसीचे डक्ट छपराखालून या घरातून त्या घरात न्यायचे बाकी होते. मी म्हणालो, भिंत खोल्यांच्या उंचीवरच थांबवा. खालून जिप्समचं सीलिंग येणार, कोणाला दिसतंय?

"लिहून द्या."

"देतो नंतर. माझ्यावर भरवसा नाही का, इनासभाऊ?"

ते हसले नाहीत. "मग ती भिंत नाही झाली, साहेब. कुंपण झालं."

मी कागद दिला नाही. सीलिंग बंद झालं, ईदेला घर भरलं. पुढे कधी कामानिमित्त तिकडे गेलो, तर इनासभाऊ गाडीतून उतरत नसत.

दुसऱ्या उन्हाळ्यात, भर दुपारी, थोरल्या मुलाच्या घराच्या छपराखाली वायर जळाली. त्याच्या घरात कोणी नव्हतं. धूर माळ्यावरून पलीकडे गेला आणि धाकट्याच्या खोलीत उतरला. तिथे अर्बाबची म्हातारी आई झोपली होती. तिला बाहेर काढलं तेव्हा श्वास जेमतेम चालू होता. ती वाचली, पण नळीतल्या हवेशिवाय पुन्हा झोपू शकली नाही.

मॅनेजरने दोघांना समोर बसवून विचारलं, भिंत कोणी थांबवली?

"फोरमनने. मला न विचारता."

इनासभाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग एवढंच म्हणाले, "माझ्याकडे कागद नाही."

"खलास," मॅनेजर म्हणाला. आठवड्यात त्यांचा व्हिसा रद्द झाला. बावीस वर्षांचं सामान दोन बॅगांत मावलं. मस्कतच्या चर्चमध्ये वसईची मंडळी कुजबुजू लागली, इनासने भिंत खाल्ली, ब्लॉक आणि सिमेंट बाहेर विकलं. ते गावी पोहोचण्याआधी ही बातमी पोहोचली.

चार वर्षं मी गप्प राहिलो. कोणाच्याही घरी गेलो की नजर आपोआप सीलिंगकडे जायची. शेवटी मॅनेजरला आणि अर्बाबला खरं काय ते लिहून दिलं, नोकरी सोडली आणि वसई गाठली.

इनासभाऊ ओट्यावर बसले होते. पत्राची प्रत त्यांनी सावकाश वाचली, घडी घालून परत दिली.

"मला काय सांगता, साहेब? मी तिथेच होतो." त्यांनी दाराकडे मान वळवली. तिथे सेलिनवहिनी उभ्या होत्या. "तिला सांगा. चार वर्षं गावात चोराची बायको म्हणून वावरतेय. एकदाच विचारलं तिने, खरंच विकलंत का? मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं नाही, पण पटलंय की नाही ते मला अजून कळलेलं नाही."

मी उठून उभा राहिलो.

"वहिनी, भिंत यांनी नाही, मी थांबवली. यांनी एक ब्लॉकसुद्धा विकला नाही. मी खोटं बोललो. मला माफ करा."