टेकाडाची साक्षी

जिजाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. आमच्या वॉर्डात सगळी बौद्ध घरं. वॉर्डातली विहीर होळीनंतर आटायची. मग पलीकडच्या मोहल्ल्यातल्या विहिरीवर जावं लागे. तिथे आम्हाला दोर टाकू देत नसत. कोणी ओतून देईल तोवर हंडा ठेवून उभं राहायचं. सातला कामावर हजेरी. म्हणून चार.

१९६२ साल असेल. बालाघाटात तेव्हा मोटारी बोटावर मोजण्याइतक्या. लालबर्‍याहून धानाच्या बैलबंड्या येत, छोट्या लाइनीच्या गाडीची शिटी गावभर ऐकू येई. जिल्ह्याचं ठिकाण म्हणून कचेरीकडून नवे रस्ते आखणं चालू होतं. आमच्या वॉर्डाकडे येणारा रस्ता नकाशात सरळ होता. जमिनीवर मध्ये टेकाड होतं.

ते कापायचं काम आमच्या टोळीला मिळालं: जिजाबाई, तिचा नवरा सुखराम, नथ्थू आणि मी. रस्ता झाला की त्याच्या कडेने पाण्याचा पाइप येणार होता. या मजुरीतून दारात नळ घ्यायचा, हे जिजाबाईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

मजुरी रोजाची नव्हती, मापाची. टेकाड कापताना मध्ये मातीचा एक खांब तसाच उभा सोडायचा, वरच्या गवतासकट. त्याला साक्षी म्हणत. टेकाड किती उंच होतं ते साक्षीवरून कळायचं. मोजणी झाल्यावरच ती पाडायची.

दीड महिना खपलो. कठीण मुरूम, टिकास मारलं तर ठिणगी उडायची. जिजाबाई घमेलं कधी अर्धं भरू देत नसे. मी एकदा हलकं भरलं तर म्हणाली, "काहून भाऊ, मले पाहुणी समजून राह्यले का?"

ओव्हरसियर मोजणीला येणार त्याच्या आदल्या दिवशी सुखरामनं साक्षी पाडली. मन लावून पाडली, जमीनही सारखी केली. साहेबाला काम साफ दिसावं, एवढाच त्याचा विचार; मोजणीचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

जिजाबाई माती टाकून परत आली आणि जागच्या जागी थांबली.

"सरिताची माय, पाह्य, कसं सपाट झालं!" सुखराम म्हणाला. लेकीच्या नावानंच तो तिला हाक मारी.

"माहा नळ सपाट केला तुमी," ती म्हणाली.

नथ्थू म्हणाला, "वहिनी, फिकर नोको करू. माती रचून उभी करू. वर गवत लावू. कोणाले कळते?"

"मले कळते. रचल्या मातीत मुळं नसते, नथ्थूभाऊ. साहेबानं काडी खुपसली का सारी टोळी चोर."

दुसर्‍या दिवशी ओव्हरसियर आला. "साक्षी कहाँ है?" सुखरामनं हात जोडून खरं ते सांगितलं. साहेब वाईट नव्हता. पण कागदावर त्यानं कमीत कमी उंची धरली. निम्मी मेहनत मातीत गेली. नळ राहून गेला.

सुखराम दोन दिवस जेवला नाही. तिसर्‍या दिवशी तिनं ताट पुढं सरकवलं. "जेवा. उपाशी माणसाच्यानं टिकास चालत नाही."

पुढची सहा वर्षं तिनं मिळेल ते काम केलं. नाल्यांना दगड बसवले, तिरोडीच्या खाणीवर दोन उन्हाळे काढले. पाइप वॉर्डात आला, काही दारांत नळ लागले, तरी तिचा चारचा नेम सुटला नाही. कोणाच्या नळावर हंडा ठेवायला ती गेली नाही.

त्या रस्त्यावरून मी आजही जातो. सायकलवाल्या पोरांना चढ जाणवत नाही. तो जाणवू नये, हेच आमचं काम होतं.

१९६८ च्या उन्हाळ्यात ती नगरपालिकेत अर्ज घेऊन गेली. मी सोबत होतो. बाबूनं विचारलं, "नाम सुखराम का लिखूँ?"

"माती म्या वाह्यली," जिजाबाई म्हणाली. "माहंच लिवा."

आठवड्याभरात तिच्या दारात पाइप उभा राहिला. त्याला पितळी तोटी होती.