दंतवैद्यांच्या टाकीतली वाम

सोनं, मनगटी घड्याळं, व्हीसीआर, स्कूटरची स्टेपनी अशा चोऱ्यांच्या फिर्यादी मी नोकरीत पुष्कळ घेतल्या आणि बऱ्याचशा विसरलो. जिवंत माशांच्या चोरीची तक्रार मात्र एकच आली, आणि ती अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा अंधेरीला फौजदार होतो. नावं कोणाचीच देत नाही, कारण यातली सगळीच माणसं तशी भली होती.

तक्रारदार दंतवैद्य होते. दवाखाना बाजारात, घर जवळच्याच सोसायटीत. आमच्या पोलीस ठाण्यातल्या निम्म्या लोकांच्या दाढा त्यांनीच काढलेल्या, त्यामुळे ते आले की ठाणे अंमलदार उठून खुर्ची द्यायचा. डॉक्टरांना समुद्रातले मासे घरी पाळायचा नाद होता. गोड्या पाण्यातले रंगीत मासे तेव्हा बऱ्याच घरांत दिसायचे, पण समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचं, गाळायचं, वीज गेली की हाताने पाणी ढवळत बसायचं, असला उद्योग करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. त्यांच्या टाकीतले मासे एकेक करून नाहीसे होत होते. मेलेला मासा तरंगत सापडावा, तसंही नाही. टाकीवर काचेचं झाकण, म्हणजे उडी मारून बाहेर पडायची सोय नाही. दुपारी डॉक्टर दवाखान्यात, त्यांच्या मिसेस बँकेत. घरात त्या वेळी एकच माणूस येई, ती म्हणजे भांडी-लादी करणारी बाई. चावी तिच्याकडेच असायची.

त्यात सोसायटीच्या वॉचमनने डॉक्टरांच्या कानावर घातलं, की बाई दुपारी जाताना झाकणाचा डबा नेते आणि त्यात काहीतरी डुचमळतं. संपलंच. डॉक्टर अर्ज घेऊन ठाण्यात.

"साहेब, प्रश्न किमतीचा नाही, विश्वासाचा आहे," ते म्हणाले. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ते आलं की मी मनात समजून घ्यायचो, आता कोणत्या तरी मोलकरणीची वाट लागणार.

नोकराने केलेली चोरी म्हणजे कलम ३८१. आमचे वरिष्ठ म्हणाले, डॉक्टर आपले आहेत, गुन्हा नोंदवून टाक. मी म्हटलं, आधी अर्ज चौकशीवर ठेवतो. डॉक्टरांवर माझा अविश्वास नव्हता. पण गुन्हा नोंदवला असता तर बाईंना अटक करावी लागली असती, आणि धुण्याभांड्याच्या बाईला एकदा अटक झाली, की कोर्टाने पुढे निर्दोष सोडलं तरी कोणी दारात उभं करत नाही. त्याच इमारतीत त्या आणखी तीन घरांत काम करत होत्या. नवरा गिरणीच्या संपानंतर घरीच बसलेला. सगळा संसार त्या चार घरांवर चालला होता.

महिला शिपाई बाजूला बसवून मी बाईंचा जबाब घेतला. मालवणकडच्या होत्या, पन्नाशीच्या आत-बाहेर. खोटं बोलणारा माणूस न विचारलेली माहिती फार देतो, असा माझा अनुभव. या बाई विचारलं तेवढंच सांगत होत्या, तेही जमिनीकडे बघत. रडल्या नाहीत. आमच्या महिला शिपायाने जरा आवाज चढवला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"साहेबानू, आठ वर्सा त्या घराची चावी माझ्याकडे आसा," त्या म्हणाल्या. "चोरूचा असता तर मासो कित्याक चोरू? कपाटात सोना आसा."

वकिलालाही याहून चांगला मुद्दा सुचला नसता. डब्याचं विचारलं तर म्हणाल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या काकी ताक देतात. मी स्वतः जिने चढून काकींना भेटलो. ताक त्या खरंच देत होत्या, आणि डबाही त्यांचाच होता. वॉचमनला विचारलं, तर डब्यात मासे पाहिले असं तो कधी म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता डुचमळतं. मासे डॉक्टरांनी आपल्या मनाने घातले.

तरी एक धागा राहिला होता. चोरीचा माल कुठेतरी विकला जातोच. असले मासे विकत घेणारं दुकान आमच्या बाजूला एकच, वांद्र्याला. डॉक्टरही तिथलेच गिऱ्हाईक. मी हवालदाराला घेऊन गेलो. दुकानदाराने बाईंना कधी पाहिलं नव्हतं, आणि अलीकडे कोणी मासे विकायलाही आलेलं नव्हतं. आम्ही निघणार इतक्यात तो सहज म्हणाला, "डॉक्टरसाहेबांचा तो नवीन माल कसा आहे? बरा आहे ना?"

कोणता नवीन माल, म्हणून विचारलं, तर म्हणाला वाम, सापासारखा लांब मासा असतो ती. इंपोर्टेड, सिंगापूरची. फक्त खेकडे खाते, दुसऱ्या माशांना हातसुद्धा लावत नाही. वामेला हात नसतात, हे मी त्याला सांगितलं नाही. मी फक्त विमानाच्या मालाची पावती मागितली. तो टेबलाखालच्या खणात बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. मी बसून राहिलो. चौकशीत शांत बसण्यासारखं दुसरं हत्यार नाही. हवालदाराने तेवढ्यात दुकानातल्या सगळ्या टाक्या बघून घेतल्या.

शेवटी दुकानदार म्हणाला, "साहेब, खरं सांगू? वर्सोव्याच्या एका होडीवाल्याने आणून दिली. खडकाजवळच्या जाळ्यात आली होती. नाव-बिव कोणाला माहीत? मी एक बारका खेकडा टाकला, तिने गिळला. म्हणून सांगितलं खेकडे खाते."

मासे गायब व्हायला सुरुवात झाली ती वाम आल्यानंतर की आधी? दुकानातूनच फोन करून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नंतरच. पण त्या वामेला ते रोज चिमट्याने खेकड्याचे तुकडे भरवत होते आणि ती निमूटपणे खात होती. दिवसभर दगडाच्या कपारीत डोकं बाहेर काढून पडलेली असायची. तिच्यावर संशय घ्यावा असं काही तिने त्यांच्यासमोर केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार, डॉक्टर आणि मिसेस दोघंही घरी असणार म्हणून मी तिकडे गेलो. वाम कोणत्या जातीची, हे काही केल्या कळेना. माझा हवालदार वर्सोव्याचाच, जन्म मासळीत गेलेला, पण अशी ठिपक्यांची, इतक्या जाड मानेची वाम आमच्या ताटात कधी आली नाही, म्हणाला. डॉक्टरांच्या मिसेसना तो सापच वाटत होता. बाईंना सकाळीच ठाण्यात विचारून घेतलं होतं, तर त्या म्हणाल्या होत्या, आमच्याकडे वाम येते ती राखाडी, हिचं मला काही माहीत नाही. मी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसलो. वाम सारखी तोंड उघडत होती आणि मिटत होती. डॉक्टर म्हणाले, ती श्वास तसाच घेते. मग माझ्या डोक्यात आलं, की आपण हिचं नाव कशाला विचारत बसलोय?

"डॉक्टर, तुमच्या दवाखान्यात आलेल्या माणसाचे दात बघून तो काय खातो हे सांगता येतं का?" मी विचारलं.

ते म्हणाले, थोडंफार येतं. पान खाणारा, सुपारी फोडणारा लगेच कळतो. मग ते एकदम थांबले. आत गेले आणि बॅटरी घेऊन आले. दवाखान्यात खुर्चीवरच्या माणसासमोर वाकतात तसे टाकीसमोर वाकले आणि वामेने तोंड उघडायची वाट पाहू लागले. तिने उघडलं. पुन्हा उघडलं. ते बराच वेळ बघत होते.

"खेकड्याचं कवच फोडायचं तर दाढा लागतात. बोथट, रुंद," ते हळू आवाजात म्हणाले. "हे सुईसारखे आहेत. आतल्या बाजूला कललेले. टाळूच्या मधोमधसुद्धा आहेत. हे फोडायचे दात नाहीत साहेब, निसटणाऱ्याला धरून ठेवायचे आहेत."

दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणारा हा माणूस. घरात एक तोंड त्याच्यासमोर रोज आपणहून उघडं होतं, आणि त्यात डोकावावं असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं, कारण चोर कोण हे ठरून गेलं होतं.

पण दात बघून झालेलं मत म्हणजे पुरावा नव्हे. हवालदाराला मी खाडीवर पाठवलं आणि बादलीत दोन-चार जिवंत बोईटं, म्हणजे खाडीतले छोटे मासे, मागवून घेतली. भर दुपारी पडदे ओढले, टाकीचा दिवा घालवला आणि बोईटं आत सोडली. शेजारचे दोन गृहस्थ पंच म्हणून सोफ्यावर बसवले. चहा झाला. चहानंतर डॉक्टरांच्या मिसेसनी पडदा किंचित सरकवला, तर दगडातली वाम अर्ध्याहून जास्त बाहेर आलेली आणि तिच्या जबड्यात बोईटाची शेपटी. आमच्या देखत तीही आत गेली. पाण्यावर एक खवला तेवढा तरंगत राहिला. मी पंचनामा केला. जिवंत माशाच्या जेवणाचा पंचनामा मी तो पहिला आणि शेवटचा केला.

डॉक्टरांनी तिथेच अर्ज मागे घेतल्याचं लिहून दिलं. मी त्यांना सांगितलं, हा कागद माझ्या फायलीत राहील, पण चोरीची बातमी जिन्याने सगळ्या मजल्यांवर गेलीय, ती तुम्हालाच परत आणावी लागेल. त्यांचं मला कौतुक वाटतं, ते खरंच गेले. मिसेसना बरोबर घेऊन बाई काम करत त्या तिन्ही घरी गेले आणि चूक आमची होती, असं उभ्याने सांगून आले. मग बाईंना बोलावून घेतलं. मीही होतो. डॉक्टर हात जोडून म्हणाले, उद्यापासून या.

बाईंनी कनवटीची चावी काढून टाकीशेजारच्या टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही.

"त्या माशाच्या तोंडात बॅटरी मारून बघलात, डॉक्टरानू," त्या म्हणाल्या. "माका नुसता इचारला असतात, तरी चलला असता."

बाई त्या घरात पुन्हा कामाला गेल्या नाहीत. उरलेली तिन्ही घरं मात्र टिकली, आणि मला वाईट वाटलं तरी त्याचा आनंद जास्त झाला.

मला तोवर वाटायचं, की तपास म्हणजे पुरावा शोधणं. त्या बाईंमुळे कळलं, की पुष्कळदा तपास आमच्याकडे येतो तो दोन माणसांत व्हायचं एक बोलणं झालं नाही म्हणून. त्यानंतर कोणीही घरच्या नोकरावर आळ घेऊन आला, की लेखणी उघडण्याआधी मी एवढंच विचारायचो, तुम्ही स्वतः त्याला विचारलंत का? मोठमोठे हुद्देवाले, शिकलेसवरलेले लोक या प्रश्नावर माझ्याकडे नुसते बघत राहायचे.