सेल्फ मारायच्या आधी

पप्पा गेले त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून मी त्यांची गाडी शाळेत न्यायला लागले, आणि त्या गाडीने पहिल्या सकाळपासून माझ्याशी वैर धरलं. सेल्फ मारला की नुसती घरघर. दुसऱ्यांदा घरघर. तिसऱ्यांदा थोडी खोकायची आणि गप्प बसायची. पाचव्या-सहाव्या वेळी सगळी गाडी हादरून चालू व्हायची, तोवर माझं डोकं फिरलेलं असायचं. एकदा चालू झाली की दिवसभर काही तक्रार नाही. पेट्रोल भरायला थांबवून पुन्हा किल्ली फिरवली तर शहाण्यासारखी लगेच. रात्रभर उभी राहिली की मात्र सकाळी ढिम्म.

पप्पांच्या हाताखाली ही गाडी कधी अडल्याचं मला आठवत नाही. विद्यानगरला विद्यापीठाच्या कचेरीत ते कारकून होते. तिथपर्यंत आणि परत, वर्षानुवर्षं हीच गाडी. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी काही ना काही काम काढून ते ती बाहेर काढायचे. आमच्या सगळ्या खानदानात गाडी घेणारे ते पहिले. नांदेडकडच्या आमच्या गावात ती पहिल्यांदा नेली तेव्हा बुद्धविहारापुढे उभी करून त्यांनी लहान पोरांना एकेक फेरी मारून आणली होती. ते बसले की गाडी नीट वागायची, आणि मी बसले की रुसायची. मला तर तो माझा अपमानच वाटायचा.

पण खरा त्रास वेगळाच होता. मी लग्न केलं नाही. घरी आता मी आणि आई दोघीच. मी निघाले की आई फाटकात येऊन उभी राहायची, पप्पांसाठी राहायची तशीच. गाडी घरघरायला लागली की तिचा चेहरा उतरायचा. एक दिवस ती म्हणाली, "ती त्यांचीच हाय गं. आपल्याला नाही ऐकायची." मला ते सहन होईना. रोज सकाळी तिला नवऱ्याचं जाणं नव्याने कळावं, आणि तेही माझ्या हातून, हे मला नको होतं. गाडी एका झटक्यात चालू झाली पाहिजे, मी ठरवूनच टाकलं.

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा एक समज आहे. आधी बॅटरी बदलली. मग प्लग बदलले. मग एअर फिल्टर. गाडी आपल्या मतावर ठाम. शेवटी मलकपेठेत रेसकोर्सच्या मागे पप्पांचा नेहमीचा मेकॅनिक आहे, त्याच्याकडे गेले. म्हातारा माणूस, पांढरी दाढी, कानाला सतत पेन्सिल. गाडी तिथे अर्थातच पहिल्या झटक्याला चालू झाली. माझी फजिती बघून तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

"गरम गाडी झूट बोलती मॅडम," तो आपल्या दखनीत म्हणाला. "रातभर खडी रखो. सुबु हाथ नक्को लगाओ. मैं आतूं घर पे."

दुसऱ्या दिवशी सातला तो आला. बॉनेट उघडून त्याने पेट्रोलच्या नळीला एक घड्याळासारखं मीटर जोडलं आणि मला म्हणाला, "चाबी लगाओ. सेल्फ नक्को मारो, खाली चाबी."

मी नुसती किल्लीच अर्धी फिरवली. मागच्या सीटखालून दोन सेकंद भुंग्यासारखा आवाज आला आणि थांबला. मीटरचा काटा जेमतेम हलला. "बंद करो. फिर लगाओ." पुन्हा भुंगा, काटा थोडा वर. आणखी एकदा बंद, आणखी एकदा सुरू. काटा जागेवर पोचला. "अब मारो," तो म्हणाला. मी सेल्फ मारला आणि गाडी अशी चालू झाली, जशी ती फक्त पप्पांसाठी व्हायची. आई दारातून धावत बाहेर आली. क्षणभर तिला काय वाटलं असेल ते मी लिहीत नाही.

त्याने मग समजावून सांगितलं. टाकीतल्या पंपाला एक छोटा व्हॉल्व असतो. नळीत चढलेलं पेट्रोल तो मागे जाऊ देत नाही. आमच्या गाडीचा तो गळत होता, म्हणून रात्रभरात पेट्रोल टाकीत उतरून जायचं आणि सकाळी नळी रिकामी. किल्ली दोन-तीनदा लावून काढली की पंप तेवढ्या वेळा चालतो, नळी भरते. आणि मी गाडीत बसताक्षणी सेल्फ मारत होते.

"ये खराबी चार-पाच साल पुरानी लगती," तो म्हणाला. "साब कभी बोले नै. साब कैसा चालू करते थे?"

इतकी वर्षं मी त्याच घरात होते आणि बाप गाडी कशी चालू करतो ते मी पाहिलं नव्हतं. उत्तर आईने दिलं.

"बसायचे, किल्ली लावायचे," ती म्हणाली. "मंग मी थांबा मनायचे. काहीतरी ऱ्हायलेलं असायचं. ते बंद करायचे. मी आणून द्यायचे, ते परत लावायचे. तेवढ्यात आनिक काही आठवायचं."

हे मात्र मला माहीत होतं. पप्पांचा विसरभोळेपणा हा आमच्या घरचा जुना विनोद. चष्म्याचं घर, रुमाल, डबा. रोज एक वस्तू मागे राहणार. मी त्यांना किती चिडवलंय. काखेत कळसा म्हणतात तो पप्पांकडे बघूनच म्हणत असतील, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायची. ते चष्मा पुसत हसायचे.

मेकॅनिक नवा पंप आणायला गेला आणि आई पायरीवर बसली. "ते काही विसरायचे नाहीत," ती म्हणाली. "मीच काढून ठेवायचे पिशवीतून."

"कामून?" 'का'ऐवजी माझ्या तोंडून लहानपणचा शब्द निघाला.

"घरात माणसं किती होती तुला ठाव नाही का? बोलायला कुठं सापडायचे ते?"

माणसं होतीच. पप्पा खानदानातले पहिले नोकरदार, म्हणून गावाकडून जो शिकायला निघेल तो आमच्या दोन खोल्यांत. काका, आत्या, आतेभाऊ, मामाची पोरं. आई पहाटेपासून आठ-दहा जणांच्या भाकरी थापायची आणि संध्याकाळी पप्पा सगळ्यांना गणितं शिकवायचे. अंथरुणं टाकली की पाय ठेवायला जागा नसायची. त्या गर्दीत माझ्या आईने नवऱ्याबरोबरचा एक मिनिट रोज असं काढून घेतलं होतं. पुढे सगळे शिकून आपापल्या घरी गेले, घर रिकामं झालं, तरी तिने ते सोडलं नाही.

"त्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"काय की. पन पिशवी कधी तपासली नाही त्यांनी."

मग ती चहा टाकायला आत गेली. मी तिथेच उभी राहिले. पप्पा आत्ता समोर हवे होते. त्यांना एकदा तरी विचारायचं होतं, आणि चिडवल्याबद्दल माफीही मागायची होती.

पंप बसला. दुसऱ्या सकाळी मी किल्ली फिरवली, अर्ध्यावर न थांबता पुढे, आणि इंजिन झटक्यात चालू झालं. इतका आनंद झाला की मी गिअर टाकून सुसाट निघालेच. आरशात आई फाटकाशी हात वर करून उभी दिसली. निरोप देतेय असं मला वाटलं. मीही हात हलवला.

चादरघाटच्या पुलावर लक्षात आलं की आज जय भीम राहिला. आमच्याकडे ते म्हटल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. संध्याकाळी म्हणू, म्हटलं. नारायणगुड्याला शाळेत पोचले, पहिल्या तासाला हजेरीपट उघडला आणि पिशवीत हात घातला. माझ्या वाचायच्या चष्म्याचं घर नव्हतं.

मी ते स्वतःच्या हाताने रात्री पिशवीत ठेवलं होतं.

वर्गाबाहेर येऊन आईला फोन लावला. ती लगेच बोलली, फोनपाशीच बसली असावी.

"मी थांब थांब मनले गं," ती म्हणाली. "तुझी गाडी लगीच चालू झाली."

फोन ठेवून मी वर्गात परतले. हजेरी वर्गातल्या मुलीकडून वाचून घेतली.

आता मी सकाळी गाडीत बसते आणि किल्ली अर्धीच फिरवते. सीटखाली दोन सेकंद भुंगा वाजतो. गाडी तयार असते, एका झटक्याची देर. मी हात मांडीवर ठेवून बसून राहते. आई फाटकापासून खिडकीपर्यंत येते, वाकून आत बघते.

"काय विसरलीस?" ती विचारते.

"तूच बघ बरं," मी म्हणते, आणि किल्ली बंद करते.