न मोडणारा भाऊ

माझ्या धाकट्या भावाला सगळे खांब म्हणत. कामावर म्हणत, गल्लीत म्हणत, शेवटी शेवटी त्याची बायकोही म्हणायला लागली. मी मात्र कधी म्हटलं नाही. लहानपणी ज्याचं नाक पुसलं, त्याला खांब काय म्हणायचं!

जन्मला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती. आईने रडून रडून घर डोक्यावर घेतलं. मग तो ताडमाड वाढत गेला. शाळेच्या जिन्यावरून गडगडत खाली आला आणि कपडे झटकून वर्गात जाऊन बसला. सायकलवरून आपटला तर सायकल मोडली, हा नाही. आईला वाटलं, देवाने दोन बोटांची भरपाई केली.

पुढे तो जुन्या इमारती पाडायच्या कामाला लागला. एकदा दुसऱ्या मजल्यावरून थेट विटांच्या ढिगावर पडला. मुकादम बोंबलत धावत आला, तर हे साहेब बसून बिडी पेटवतायत! "अरे लेका, तुझ्यात सुपरपॉवर आहे," मुकादम म्हणाला. त्या दिवसापासून तो खांब झाला.

तरी मुकादमाने एक्स-रे काढायला लावला. फोटो बघून तिथल्या माणसाने मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि बाईंनी आम्हाला समोर बसवलं.

"शरीरात हाड घडवायचं काम सतत चालू असतं," त्या म्हणाल्या, "आणि एक जनुक त्याला 'आता पुरे' म्हणत असतं. यांच्यात ते 'पुरे' म्हणणारंच बिघडलंय. आईकडून तसंच आलं, वडिलांकडूनही तसंच आलं."

"म्हणजे हाड मोडणार नाही?" भावाने विचारलं.

"सहसा नाही मोडणार. पण वाढायचं थांबणारही नाही. आणि कवटीसुद्धा हाडच आहे ना." त्यांनी एका हाताची मूठ केली, दुसऱ्या हाताने ती आवळत नेली. कानाची नस हाडातल्या भोकातून जाते, ते भोक बारीक होतंय. चेहऱ्याच्या नसेचंही तेच. पुढे मेंदूवर दाब येईल. कवटी उघडून जागा करावी लागेल, तीही लवकर. "आणि सोपं नाही ते. असं हाड कापताना आमची हत्यारं बोथट होतात."

भाऊ हसला. अर्ध्याच तोंडाने, कारण उजवी बाजू तेव्हाच सैल पडायला लागली होती. एवढ्या सगळ्या बोलण्यातलं त्याने तेवढंच उचललं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगून मोकळा: "डॉक्टरांची करवत मोडते माझ्यावर!" ऑपरेशनचं विचारलं की म्हणे, "बघू." त्याच्या त्या 'बघू'ने मला इतका संताप यायचा की काय सांगू.

बघता बघता कान गेले. दाराची बेल वाजली तरी हा ढिम्म. बायको विचारायची मीठ कमी आहे का, हा म्हणायचा उद्या आणतो. आधी आम्ही हसलो. मग तो आमच्या ओठांकडे टक लावून बघायला लागला, तेव्हा हसणं बंद झालं.

त्यांच्या कामाची एक रीत होती. भिंत ढकलण्याआधी वरचा गडी शिट्टी मारायचा. खाली असलेल्या प्रत्येकाने हात वर करायचा. सगळे हात दिसले की मगच धक्का. माझ्या भावाचा हात तर वरून लगेच ओळखू यायचा, त्या जुळलेल्या बोटांमुळे.

एकदा डबा द्यायला गेले होते. शिट्टी झाली, हात वर झाले. भाऊ पाठमोरा उभा होता, त्याचा हात खालीच. तरी भिंत ढकलली! त्याच्यापासून चार पावलांवर कोसळली. जमीन हादरली तेव्हा कुठे त्याने वळून बघितलं.

मी तरातरा मुकादमाकडे गेले. "त्याच्या हातासाठी थांबला का नाहीत? त्याला ऐकू येत नाही!"

"अहो ताई, खांबासाठी कोण थांबतंय?" मुकादम म्हणाला. "त्याच्यावर भिंत पडली तर काळजी भिंतीची करायची!"

सगळे खो खो हसले. आणि माझा भाऊही हसला. त्याला एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं, बाकीचे हसतायत म्हणून हसला. माझं काळीज तुटलं.

घरी येऊन माझ्यावरच उखडला. "कशाला सांगितलंस? तिथे मी खांब आहे. ऑपरेशन झालं की काय राहीन? डोक्याला पट्ट्या बांधलेला बहिरा!"

"जिवंत राहशील, गाढवा!" मी त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडले, म्हणजे त्याला ओठ दिसावेत. त्याची बायको कोपऱ्यात उभी राहून रडत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग एकदम खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"ताई, फार दुखतं गं," तो म्हणाला. "आतून कोणी दाबतंय असं वाटतं. भीती वाटते मला."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने काही दुखतं म्हणून सांगितलं. मी त्याला कुशीत घेतलं, एवढ्या धिप्पाड माणसाला. सोमवारी दाखल व्हायचं ठरलं.

शनिवारी तो कामावर गेला. शिट्टी झाली. हात वर झाले. त्याचा झाला नाही, आणि नेहमीप्रमाणे कोणी थांबलं नाही. वर उभ्या असलेल्या गड्यानेच मला हे रडत रडत सांगितलं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात सगळे जमले होते, अजून अंगावर विटांची धूळ. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आत रक्तस्राव झाला होता, छातीवर एवढं ओझं की श्वासच घेता आला नाही. हाड मात्र एकही मोडलेलं नव्हतं.

मुकादम भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते खोटं नव्हतं. "एकही हाड मोडलं नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मग गेला कशाने, ताई? गेला कशाने?"

"तुम्ही हाताची वाट बघितली नाहीत," मी म्हणाले.