शिक्षणाचा रकाना

आमच्या इकडे मुलींची बेसबॉलची टीम आहे, हे नव्या मुंबईतल्या निम्म्या लोकांना अजून ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यांतल्या बऱ्याच जणांना ते आमच्यामुळे आहे, हे मी मोकळेपणाने सांगते. टीमच्या चाहत्यांचं एक पान आहे, फोनवरचं. रविवारी मॅच झाली की संध्याकाळपर्यंत त्यावर सगळी हकिकत येते. ती लिहिणारे आम्ही तिघं. आम्हाला कुणी नेमलं नाही, काही मिळतही नाही. आवड म्हणून लिहितो, आणि आपण नाही लिहिलं तर कोण लिहिणार, म्हणूनही.

पहिली दोन वर्षं आम्ही खाली नावं टाकत नव्हतो. मग एकदा एका मुलीच्या वडिलांना राग आला. त्यांच्या मुलीच्या हातून दोन चेंडू सुटले आणि मॅच गेली, असं आम्ही जसं घडलं तसं लिहिलं होतं. पालकांच्या ग्रुपवर त्यांनी विचारलं, हे लिहितं कोण, जरा समोर येऊ दे की. म्हणणं चुकीचं नव्हतं. दुसऱ्याच्या मुलीच्या चुका लिहायच्या तर आपलं तोंड दाखवायला हवं. ठरलं, तिघांनी आपापली ओळख पानावर द्यायची. हे काम माझ्याकडे आलं. मी बेलापूरला एका वकिलांच्या ऑफिसात प्रतिज्ञापत्रं टाइप करते. माणसाची ओळख चार ओळींत बसवणं हा माझा रोजचा धंदा. मी एक फॉर्म केला: नाव, राहणार, शिक्षण, टीमशी नातं.

शिक्षण इतकं वर का, तर आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. वडील चौथी. शहर वसवताना आमची जमीन गेली, मोबदल्यात मिळालेल्या जागेवर करावे गावात त्यांनी तीन मजले चढवले, भाडेकरू ठेवले, पण सही करताना अजून जीभ बाहेर येते. मी बी.ए. झाले तेव्हा त्यांनी माझं सर्टिफिकेट फ्रेम करून टीव्हीच्या बरोबर वर लावलं, म्हणजे चहाला आलेल्या माणसाला ते बघितल्याशिवाय सुटका नाही. काही जणांना हा दिखावा वाटतो. ज्यांचे आजोबा पदवीधर होते, त्यांना वाटू दे.

आता बाकीचे दोघं. एक ताई, दिवाळे गावच्या. बेलापूरच्या बाजारात मासळी विकतात. त्यांची मुलगी आमची कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी. ताई मॅच बघता बघता फोनवर बोलून ठेवतात आणि घरी जाऊन तेच लिहून पाठवतात. त्यांच्या लिखाणात मैदानावरची प्रत्येक बाई, अंपायरची टोपी, समोरच्या टीमने आणलेला डबा, सगळं असतं. लोक आधी ताईंचं वाचतात, मग माझं.

दुसरे काका. आमचे दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू. मी आठवीत असताना राहायला आले, साताऱ्याकडचे, बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात क्लार्क. घरचे सगळे गावी. रिटायर झाले तरी परत गेले नाहीत. विचारलं तर म्हणतात, रविवारची मॅच तिथे कुठे आहे? वडील त्यांना सायब म्हणतात, ते वडिलांना शेठ.

काका स्कोअर लिहितात. बेसबॉलमध्ये चेंडू क्षेत्ररक्षकाला चुकवून गेला की लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे ठरवावं लागतं: चेंडू अवघड होता तर श्रेय मारणारीचं, सोपा होता तर चूक सोडणारीची. चुकीला एरर म्हणतात आणि ती त्या मुलीच्या खाती चढते. काका ते बॉलपेनने लिहितात. एकदा फेक वाकडी गेली म्हणून त्यांनी ताईंच्या मुलीच्या नावावर एरर लावला. ताई मासळीची रिकामी पाटी बाजूला ठेवून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. फेक सरळ होती, दुसऱ्या बेसवरची पोरगी झोपली होती, असं त्यांचं म्हणणं. काका म्हणाले, मला जसं दिसलं तसं लिहिलं. ताईंनी त्यांच्या चष्म्याच्या नंबराची चौकशी केली. दोन दिवसांनी कोणीतरी काढलेला व्हिडिओ काकांनी चार वेळा पाहिला, ताईंचं खरं निघालं. त्यांनी वहीतली नोंद गिरगटून बुजवली नाही. तिच्यावर एक आडवी रेघ मारली, बाजूला बरोबर ते लिहिलं आणि मला पानावर ‘दुरुस्ती’ म्हणून टाकायला लावलं. तेव्हापासून आमची तशीच पद्धत आहे. आधीचं वाचता आलं पाहिजे आणि नंतरचंही.

ताईंचा फॉर्म तासाभरात आला. काकांचा चार दिवसांनी आला, त्यात शिक्षणाचा रकाना रिकामा. मला वाटलं, राहून गेला असेल. त्यांचं शिक्षण मला विचारायची काय गरज, आमच्या अख्ख्या घराला ते पाठ होतं.

कारण मी बारावी झाले तेव्हा वडील बास म्हणाले होते. पाहुण्यांचे निरोप यायला लागले होते. तेव्हा काका खाली ओट्यावर येऊन बसले आणि वडिलांना म्हणाले, शेठ, मी बी.कॉम. झालो म्हणून मला बसायला खुर्ची आहे; पोरीला तीन वर्षं द्या. दोन दिवसांनी वडील आईला म्हणाले, सायब बी.कॉम. हाय, त्याला कलतं. माझा कॉलेजचा फॉर्म काकांनीच भरला, त्या बॉलपेनच्या अक्षरात.

म्हणून मी रकान्यात ‘बी.कॉम.’ लिहिलं आणि सकाळी ऑफिसला निघण्याआधी तिघांच्या ओळखी पानावर टाकल्या. पालकांनी खाली अंगठ्याची चित्रं टाकली. एकाने लिहिलं, तरीच स्कोअर इतका चोख. जेवायच्या सुट्टीत काका ऑफिसच्या खाली येऊन उभे होते. फोन करता आला असता, पण आले. कोपऱ्यावरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला, आणि कप तसाच हातात धरून ते बोलले.

“पोरी, मी बी.कॉम. नाही.”

मग त्यांनी सांगितलं, तिसऱ्या वर्षाची परीक्षा त्यांनी दिलीच नाही. हॉल तिकीट खिशात घालून एस.टी. स्टँडवर बसून राहिले आणि पेपर सुटायच्या वेळेला घरी गेले. असं सगळ्या पेपरांना केलं.

“वडील वारले, घरची अडचण, असलं काही नव्हतं,” ते म्हणाले. “भ्यालो.”

मी नोकरीचं विचारलं. नोकरी बारावीवर लागली होती, ऑफिसच्या प्रत्येक कागदावर बारावीच आहे. कागदावर आपण कधी खोटं लिहिलं नाही, बोलण्यात बोलून गेलो, असं ते म्हणाले. जागा बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी सहज विचारलं, किती शिकलाव, आणि यांच्या तोंडून बी.कॉम. निघून गेलं. मग ते मागे घ्यायचा दिवस कधी आलाच नाही.

मला राग आला. मी ज्या माणसाच्या शब्दावर कॉलेजला गेले, तो शब्दच पोकळ होता. पण त्याहून जास्त भीती वाटली. आमच्या घरात काकांना एक जागा होती. गणपतीच्या आरतीला आधी त्यांना हाक, कुठलाही सरकारी कागद आला की आधी त्यांच्या हातात. वडिलांना खोटं बोललेलं माणूस चालत नाही. सख्ख्या भावाशी ते नऊ वर्षं बोललेले नाहीत. मी म्हटलं, काका, आत्ता काढून टाकते, दोन मिनिटांचं काम आहे, कोणाच्या लक्षातही येणार नाही.

“पुसायचं नाही,” ते म्हणाले. “दुरुस्ती टाकायची. पण आधी शेठना मी सांगणार. त्यांना ते पानावरून कळायला नको.”

संध्याकाळी वडील ओट्यावर होते. काका त्यांच्यासमोर पायरीवर बसले आणि टपरीवर मला सांगितलं तेच, त्याच क्रमाने सांगितलं. स्टँडचंही सांगितलं. मी दारात उभी होते. वडिलांची चप्पल तेवढी पायात वरखाली होत होती. संपल्यावर त्यांनी विचारलं,

“मंग पोरीला मी कोनाच्या भरवशावर धाडली?”

“माझ्या,” काका म्हणाले. “आणि तो खोटा होता.”

“नापास झाली असती तर?”

“तर मी इथे राहिलो नसतो, शेठ.”

वडील उठून आत गेले. टीव्ही लावला, आवाज मोठा केला. काका जिना चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती टाकली. ‘बी.कॉम.’वर रेघ, पुढे ‘बारावी, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष दिलं नाही.’ शब्द काकांचे, एकही माझा नाही. खाली मी लिहिलं की हा रकाना त्यांनी रिकामा दिला होता, मी न विचारता भरला, चूक माझी. मागे ‘समोर येऊ दे’ म्हणणाऱ्या त्या मुलीच्या वडिलांनी ग्रुपवर सगळ्यांत आधी लिहिलं, आणि एवढंच लिहिलं: वाचलं.

माझ्या मनात आलं, शिक्षणाचा रकानाच काढून टाकावा, तिघांचाही. तसा मी ताईंना फोन केला. मागे बाजाराचा आवाज होता.

“तुजा काढ, सायबाचा काढ,” ताई म्हणाल्या. “माजा काढू नको, बाय. बारावीचा शेवटचा पेपर दिला तवा ही कॅचर पोटात व्हती. पाय सुजलेले, तशी बसले तीन तास. ते काय पुसाला लिवलाय काय मी?”

मग विचारलं, सायब जेवतोय ना. मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, मग फोनवर काय बसलीस, वर जाऊन बघ.

रकाना राहिला. माझंही बी.ए. तिथेच आहे. दोन दिवस मला ते वाचताना कसंसंच होत होतं, जणू मी ते कोणाच्या तरी थापेवर मिळवलं. नंतर ते गेलं. काकांनी दार उघडायला लावलं, हे खरं. पण तीन वर्षं सकाळचं पाणी भरून, भाकऱ्या थापून कॉलेज गाठलं ते मी, आणि पेपरला बसले तीही मीच. मलाही भीती वाटायची. हॉलच्या दाराशी हॉल तिकीट दोनदा तपासायचे. मी आत जायचे. मला आत ढकलणारा माणूस स्वतः त्या दारापर्यंतही पोचला नव्हता, हे मला तेव्हा कळलं असतं तर मी त्याचं ऐकलं असतं का, कोण जाणे. वडिलांनी तर नक्कीच ऐकलं नसतं, आणि हे त्यांनाही कळत असणार. म्हणूनच ते इतके गप्प होते असं मला वाटतं.

त्या दिवसांत काका रविवारी मैदानावर यायचे, स्कोअर लिहायचे, मला पाठवायचे. मुली त्यांना पहिल्यासारख्याच छळायच्या. घरी मात्र वडील त्यांच्याशी बोलत नव्हते. आमच्याकडे टाकीचा कॉक वडिलांच्या ताब्यात आहे. सकाळी तो सोडला की जिन्यात उभं राहून ते एकेका मजल्याला हाक मारतात, कारण पाणी वीस मिनिटंच असतं. त्या दिवसांत ते पहिल्याला हाक मारायचे, तिसऱ्याला मारायचे. काका खालच्यांच्या बादल्यांचा आवाज ऐकून अंदाजाने नळ सोडायचे. मी एकदा वर जाऊन सांगायला निघाले, तर आईने डोळ्यांनीच थांबवलं.

किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. एका सकाळी मी केस विंचरत होते. वडिलांनी कॉक सोडला, पहिल्या मजल्याला हाक मारली आणि थांबले. मला वाटलं, आता तिसरा.

“सायब,” त्यांनी हाक मारली. “पानी सोडलंय. परत बोलवनार नाय.”

वर बादली सरकली.