दगडावर घासलेला डबा

आमच्या तुये गावच्या कारखान्यात रिकामा डबा कोणी टाकत नसे. नट एका डब्यात, वॉशर दुसऱ्यात, वापरून वाकडे झालेले खिळे तिसऱ्यात. कधी काय लागेल सांगता येत नाही! किश्श्यांचंही तसंच झालं. एक संपला की दुसरा त्याच्यावर चढवायचा. मी स्टोअरकीपर, जपून ठेवणं हेच माझं काम, त्यामुळे सगळे माझ्याकडे येऊन साठले. त्यातले टुना माशाच्या डब्यांचे तेवढे आज काढतो.

गोवा राज्य झालं त्याच्या आसपासचा काळ. कोकणी की मराठी, यावरून म्हापशाच्या बसमध्ये माणसं हमरीतुमरीवर येत. पण दुपारी जेवणाची शिटी झाली की शेडच्या मागे, नळाजवळ, आमचं पाच जणांचं वर्तुळ बसे आणि सगळ्यांच्या तोंडाला एकच काम असे. मी, दोडामार्गचा ट्रक ड्रायव्हर शांताराम, कोल्हापूरकडचा फिटर आनंदा, इब्रामपूरचा दामू आणि पॅकिंगला असलेली त्याची बायको सुमती.

पुढे दामूने मशीन सोडलं आणि एका एजंटामार्फत जहाजावर किचनमध्ये लागला. तारवटी झाला, म्हणजे बोटीवरचा माणूस! पोहायला येत नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "जहाजार कोण पोवता रे? थंय चपात्योच लाटूच्यो आसतत!"

पहिल्या रजेला आला तो पिशवीभर टुनाचे डबे घेऊन.

* * *

डबे आले, पण उघडणार कशाने? ओपनर कोणाकडेच नव्हता.

आनंदा फिटर. त्याने छिन्नी लावली आणि वरून हातोडा घातला. तेलाची पिचकारी उडाली ती थेट सुपरवायझरच्या पांढऱ्या शर्टावर!

"आरं मर्दा, मासा हाय का बाँब?" आनंदाच उलटा ओरडला.

 दामूने दुसरा डबा घेतला आणि नळाजवळच्या काळ्या दगडापाशी गेला. या दगडावर आम्ही कोयत्याला धार लावायचो. त्याने डबा उपडा धरला आणि कडा दगडावर गोल गोल घासू लागला. खर्र, खर्र, खर्र. घाई नाही, जोर नाही. थोड्या वेळाने दगडावर तेल पाझरलं. त्याने डबा सुलटा केला, दोन्ही बाजूंनी दाबला आणि झाकण टपकन सुटून आलं.

"जबरदस्ती करूची न्हय," तो म्हणाला. "तेका आपणहून उघडूक दी."

झाकणाची धार कोणाच्या पायाला लागू नये म्हणून ते पायाखाली दाबून त्याने विड्याच्या पानासारखं तिकोनी दुमडलं आणि कुंपणाच्या भिंतीतल्या भेगेत खोचलं. दर वेळी हेच करायचा. इतकं नीट, तिकोनी दुमडणं पुढे आमच्यापैकी कोणालाच साधलं नाही.

* * *

डबा उघडला की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

आनंदा कच्चा कांदा फोडायचा, वर लाल चटणी, आणि हे सगळं भाकरीवर. सुमती घरून ओलं खोबरं, तिरफळं आणि सोलं, म्हणजे आमसुलं, घालून सुकं करून आणायची. ते खाल्लं की डबा, जहाज सगळं विसरायला व्हायचं. मी गरम भातावर नुसतं तेल ओतून खायचो. अजून खातो.

दामूला मात्र पाववाल्या पोदेराच्या सायकलवरची पोयीच लागायची, कोंड्याचा गोल पाव. पोयीचं पोट फाडायचं, आत मासा, एक हिरवी मिरची, संपलं! तरी सुमती रोज विचारायची, "पोयी दिऊ, काय भात वाढू?" आणि तो रोज तिच्याकडे वर मान करून बघायचा. एवढंच. ती हसून पोयी द्यायची.

शांताराम पहिल्यांदा डब्यात डोकावला आणि मागे सरकला.

"ना डोळे, ना काटो, ना शेपटी! ह्यो मासो नाय रे, माशाचा भूत हा!"

"भूत आसंना का," आनंदा बोटं चाटत म्हणाला, "चवीला झ्याक हाय की!"

* * *

शांताराम सोमवार पाळायचा. एका सोमवारी दामूने डबा उघडला आणि याचं जेवणात लक्ष लागेना. त्याची नजर सारखी डब्याकडे.

शेवटी दामूनेच त्याला सोडवलं. "शांताराम, हो मासो कधी मेलो, खंय मेलो, कोणाक खबर हा? तेका वार कसलो?"

शांतारामला पटलं. त्याने डबा पुसून खाल्ला!

आम्ही पोट धरून हसलो. दामूचं हे वाक्य लक्षात ठेवा.

* * *

कारखान्यात एक भुरी मांजरी होती. ओपनर आणल्यावर आम्ही कधी कधी ओपनरने डबा उघडायचो. तेव्हा ती नटांच्या पोत्यावरून ढिम्म हलत नसे. पण दगडावर खर्र सुरू झालं की कुठेही असो, शेपटी ताठ करून हजर! दामू घासत उभा आणि ही त्याच्या दोन पोटऱ्यांमधून आठ आकड्यासारखी फिरतेय, अंग घासतेय.

"माका बायल एकच पुरे!" दामू तिला म्हणायचा. सुमती त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

दामू परत जहाजावर गेला. त्यानंतरच्या पावसाळ्यातली एक दुपार. आम्ही चौघं शेडमध्येच जेवत होतो. मांजरी पोत्यावरून एकदम उठली, शेपटी ताठ करून बाहेर धावली. आनंदा बघून आला.

"दगडापाशी बसलीया भिजत. कोन न्हाई तितं."

त्याच आठवड्यात म्हापशाहून एजंट आला. एका सकाळी दामू जहाजाच्या किचनमध्ये आला नाही, सगळं जहाज शोधलं, सापडला नाही. एवढंच त्याला माहीत होतं.

* * *

त्याच्यानंतर दामूची पिशवी आली! रजेवर परतणाऱ्या एका सोबत्याकडे त्याने दिलेली. आत सुमतीसाठी साडी आणि टुनाचे दोन डबे.

"मेलेलो मनीस पिशवी धाडता?" सुमती म्हणाली.

पिशवी आधीच दिलेली होती हे तिला सगळ्यांनी समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि कपाळावरचं कुंकू होतं तसंच ठेवलं. एक डबा सासूने ठेवून घेतला. दुसरा तिने माझ्याकडे आणला.

"स्टोअरबाब, हो तुमच्या कपाटात ठेवा. घरात दवरलो तर उघडतले. हो त्येणींच उघडूचो."

मी वरच्या फळीवर ठेवला आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या करगोट्याला असे.

आठवड्याने कपाट झाडायला उघडलं तर डब्याखाली ओला गोल डाग. डबा गळत असेल म्हणून फिरवून बघितला. कुठे तेलाचा थेंब नाही. डागावर बोट फिरवून जिभेला लावलं. खारट!

"स्टोअरबाब, तुमचं कपाट समुद्रात हाय का काय!" आनंदा हसला. मग त्यानेही बोट लावून बघितलं आणि तो हसायचा थांबला.

* * *

पितृपक्ष लागला, म्हाळाचे दिवस आले. सुमतीच्या दिराने भटजींना तिथी विचारली. भटजी म्हणाले, कधी गेला ते सांगा. कधी गेला, कुठे गेला, कोणाला माहीत? दुपारी सुमतीकडून हे ऐकून शांतारामच्या हातातला घास हातातच राहिला.

शेवटी एक दिवस धरून त्यांनी दामूच्या नावाने पान वाढलं. आम्ही तिघेही इब्रामपूरला गेलो होतो. वडे, खीर, भाजी. फणसावर कावळे ओळीने बसलेले, पण खाली एकही येईना. दीर हात जोडून बोलला, सासू रडली. आमच्याकडे म्हाळाच्या पानावर मासा वाढत नाहीत. पण म्हातारी आत गेली, आपल्याजवळचा डबा ओपनरने उघडला आणि पानावर पालथा केला. "खा रे बाबा, तुझ्या आवडीचा!"

कावळे बघत राहिले.

"जित्या माणसाचा पान कावळो कित्या खातलो?" सुमती म्हणाली.

 मग सासूने डोळे पुसले. "तुझ्याकडलो डबो घेवन ये. आमाशेक तो वाढूया. कावळो त्याकाय शिवलो नाय, तर तू म्हणशीत तसो तो जितो. शिवलो, तर कपाळ पुसशीत?"

 सुमती म्हणाली, "पुसतलंय."

* * *

आता शेवटचा.

अमावास्येच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुमती डबा न्यायला स्टोअरमध्ये आली. बाहेर पाऊस होता म्हणून आनंदा आणि शांतारामही तिथेच जेवणाचे डबे उघडून बसले होते. मी करगोट्याची किल्ली सोडवत होतो. सुमतीला घाई नव्हती, म्हणून मीही मुद्दाम हळूहळू सोडवत होतो.

शेडच्या मागून आवाज आला. खर्र. खर्र. खर्र.

"कोन रं त्यो?" आनंदा म्हणाला. मग त्याने शांतारामकडे बघितलं, शांतारामने माझ्याकडे. आम्ही सगळे इथेच होतो.

पोत्यावरची मांजरी उडी मारून बाहेर पळाली.

"कपाट उघडा," सुमती म्हणाली.

उघडलं. कुलूप नीट लागलेलं होतं. वरच्या फळीवर फक्त ओला डाग.

आम्ही मागच्या दाराने बाहेर आलो. पाऊस नुकता ओसरला होता. दगडावर तेल पसरलं होतं आणि मधोमध डबा, उघडा, काठोकाठ भरलेला, एक तुकडाही हललेला नाही. कुंपणाच्या भिंतीवर कावळे ओळीने बसले होते. आमच्या उष्ट्यावर रोज झडप घालणारे तेच कावळे! एकही खाली उतरला नाही. त्यांच्या पायांखालच्या भेगेत झाकण खोचलेलं होतं. तिकोनी, विड्याच्या पानासारखं.

शांताराम पुटपुटत राहिला, "रवळनाथा, रवळनाथा."

मांजरी दगडापाशी फिरत होती. शेपटी ताठ, पाठ उंचावलेली, आठ आकड्यासारखी. मोकळ्या जागेत तिचं अंग कशाला तरी घासत होतं. केस एका बाजूला दबत होते आणि परत उठत होते.

सुमतीने डोक्यावरून पदर घेतला. आपला जेवणाचा डबा उघडला, दगडापाशी बसली आणि रोजच्याच आवाजात विचारलं,

"पोयी दिऊ, काय भात वाढू?"

मांजरी फिरायची थांबली, खाली बसली, आणि मान उंच करून त्याच मोकळ्या जागेकडे वर बघू लागली.