ओळ सांगणारे मामा

मी आज जो काही आहे तो याकोबमामांमुळे. त्यांनीच मला कॉलेजपर्यंत पोचवलं. गावच्या चर्चमध्ये ते पेटी वाजवत. उपासनेला येणाऱ्या निम्म्या लोकांना वाचता येत नसे, म्हणून मामा गीताची प्रत्येक ओळ आधी मोठ्याने सांगत आणि मग सगळे मिळून ती गात.

गेल्या रविवारी इथे शहरातल्या चर्चमध्ये माझ्या शेजारी एक आजी उभ्या होत्या. पडद्यावर गीताचे शब्द भराभर सरकत होते. आजींचे ओठ मिटलेले होते. मी पडद्याकडे बोट दाखवलं तशा त्या हसल्या.

"मला कुठं वाचता येतंय बाबा? गावाकडं ओळ सांगायचे. इथं देव नुसता माझ्याकडं बघतो अन् मी त्याच्याकडं."

ओळ सांगणं मला येत होतं. पण पुढच्याच बाकावर आमच्या ऑफिसातले साहेब होते. ते वळून बघतील, या भीतीने मी आजींना काहीच सांगितलं नाही. वर स्वतः मात्र खणखणीत आवाजात गात राहिलो.

तेव्हापासून चैन नाही. शेजारचं माणूस मुकं उभं असताना मी जे गायलो, त्याला स्तुती म्हणायचं का? आज सकाळी मामांना पत्र टाकलं:

"मामा, तुमच्याकडे शिकलेला मी ओळ सांगायला लाजलो. येत्या रविवारी त्या आजींच्या शेजारीच उभा राहणार आहे. पहिली ओळ सांगताना तुमचाही आवाज कधी अडकला होता का, तेवढं कळवा."